शिदोरी आणि गार्बेज बॅग

मे महिना लागला, व्हिक्टोरिया डेची सुट्टी जवळ आली, की आपल्या मंडळींना बाहेर पडण्याचे वेध लागतात. सहा महिने जॅकेट, बूट आणि टोप्यांत गुंडाळलेली माणसं एकदाची मोकळी होतात. कुणाकडे पुण्याहून किंवा नाशिकहून आई-वडील आलेले असतात, त्यांना नायगारा दाखवायचा असतो. मुलांचं सॉकर सुरू झालेलं असतं. मंडळाची पिकनिक ठरते. मग हा हा म्हणता ऑक्टोबर येतो आणि पानांचे रंग बघायला गाड्या उत्तरेकडे धावू लागतात. ह्या प्रत्येक सहलीत एक गोष्ट न चुकता तयार होते, आणि तिचा फोटो मात्र कुणी काढत नाही. ती म्हणजे कचरा.

विषय काही फार सुवासिक नाही, ह्याची कल्पना आहे. पण वाचकहो, जरा धीर धरा. शेवटी गोष्ट आपल्या डब्यांची आणि आपल्या जेवणाचीच आहे.

थोडी आकडेमोड

समजा, मंडळाच्या पिकनिकला दीडशे माणसं आली. नाश्त्याला प्रत्येकी एक प्लेट आणि एक चमचा. जेवायला एक प्लेट, आमटीची एक वाटी आणि एक चमचा. चहाचे दोन कप. दिवसभरात पाण्याचे आणि सरबताचे मिळून तीन ग्लास (हा आकडा कमीच धरलाय, कारण आपला ग्लास कुठे ठेवला हे कुणालाच आठवत नाही). म्हणजे माणशी दहा वस्तू झाल्या. दीडशे माणसांच्या दीड हजार! ह्यात पेपर नॅपकिन, पाण्याच्या बाटल्या, अ‍ॅल्युमिनियमचे ट्रे, केकचे खोके, मुलांच्या ज्यूसची पाकिटं धरलेलीच नाहीत. सकाळी अकराला सुरू झालेला कार्यक्रम संध्याकाळी पाचला संपतो, तेव्हा झाडाखाली फुगलेल्या काळ्या पिशव्यांची रांग उभी असते. सगळ्यात शेवटी घरी जाणाऱ्या चार-पाच कार्यकर्त्यांना ही रांग चांगली ओळखीची आहे.

तुम्ही म्हणाल, आता सरकारने कायदा केला की! खरं आहे. कॅनडाच्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार प्लास्टिकचे काटे-चमचे, फोमची खाण्याची भांडी, दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशव्या असल्या वस्तू बनवणं आणि आयात करणं २० डिसेंबर २०२२ पासून बंद झालं, आणि विकणं २० डिसेंबर २०२३ पासून. आपल्या महाराष्ट्रात तर त्याच्याही आधी, मार्च २०१८ मध्ये थर्मोकोलच्या ताटल्या-वाट्यांवर बंदीची अधिसूचना निघाली होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली, तेव्हा गटारांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांची चर्चा घराघरांत झाली होती. आपल्यापैकी कित्येकांनी ती रात्र इथे फोनला चिकटून काढली आहे.

पण कायद्याने फोम गेला आणि त्याच्या जागी कागद आला. प्लास्टिकचा चमचा गेला, लाकडाचा आला. प्लेटची जात बदलली, पिशव्यांची रांग तेवढीच राहिली.

ती पिशवी जाते कुठे?

आपण पिशवीला गाठ मारतो, पार्कमधल्या पेटीत टाकतो आणि आपल्या दृष्टीने विषय संपतो. तिचा पुढचा प्रवास मात्र आपल्या पिकनिकच्या प्रवासापेक्षा लांबचा असतो.

टोरांटोचाच कचरा घ्या. मेपलजवळचं कील व्हॅली नावाचं मोठं लँडफिल २००२ च्या अखेरीस बंद झालं. त्यानंतर आठ वर्षं शहराचा कचरा ट्रकांत भरून, सरहद्द ओलांडून, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जात होता. २००७ साली शहराने लंडन, ओंटारिओच्या जवळचं ग्रीन लेन लँडफिल विकत घेतलं आणि २०११ पासून कचरा तिकडे जाऊ लागला. म्हणजे स्कारबरोतल्या पार्कात वापरलेली प्लेट सुमारे दोनशे किलोमीटरचा प्रवास करून जमिनीत गाडली जाते. तेही लँडफिल २०३५ च्या आसपास भरेल, असा शहराचा अंदाज आहे. पुढे काय, हा प्रश्न आपल्या मुलांच्या पदरात पडणार.

२००९ चा उन्हाळा टोरांटोकरांना आठवत असेल. पालिकेच्या कामगारांचा संप जूनच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाला आणि पाच आठवड्यांहून जास्त चालला. शहरातल्या पार्कांमध्ये कचरा टाकायच्या तात्पुरत्या जागा केल्या होत्या, क्रिस्टी पिट्ससारख्या पार्कातसुद्धा. जिथे मुलं खेळायची तिथे पिशव्यांचे डोंगर झाले, आणि आपण आठवड्याला किती टाकतो हे शहराला पहिल्यांदा एका जागी दिसलं.

ब्लू बॉक्सचं काय, असं कुणी विचारेल. ब्लू बॉक्स ही तर आपल्या ओंटारिओचीच देणगी! १९८१ साली किचनर गावात हा प्रयोग सुरू झाला आणि १९८३ मध्ये सबंध गावात पसरला. कचरा वाहून नेणाऱ्या कंपनीत काम करणारे नायल लुडॉल्फ ह्यांना त्याचे जनक मानतात. २०२५ संपता संपता ओंटारिओत ब्लू बॉक्सची जबाबदारी पालिकांकडून त्या वस्तू आणि वेष्टनं बाजारात आणणाऱ्या कंपन्यांकडे गेली. योजना उत्तमच आहे. पण छोले लागलेली प्लेट आणि अर्धा कप उरलेला चहा ब्लू बॉक्समध्ये टाकला, तर स्वतःबरोबर शेजारचा चांगला कागदही तो वाया घालवतो.

आणखी एक गंमत सांगते. ‘कंपोस्टेबल’ असं छापलेले महागातले चमचे आणि कप आपण मोठ्या समाधानाने आणतो. टोरांटोच्या ग्रीन बिनच्या यंत्रणेत मात्र कंपोस्टेबल प्लास्टिक चालत नाही, ते कचऱ्यातच टाका असं शहर सांगतं. मिसिसागा, ब्रॅम्पटन, ऑटवा किंवा कॅलगरी, प्रत्येक गावाचे नियम निराळे. तेव्हा विकत घेण्याआधी आपल्या गावाचा नियम बघावा, पाकिटावरच्या हिरव्या पानाच्या चित्रावर विसंबू नये.

शाळेतून मुलं जे ‘थ्री आर्स’ शिकून येतात, त्यात रिसायकल तिसऱ्या नंबरावर आहे. आधी कमी वापरा, मग पुन्हा वापरा, आणि उरलंच तर रिसायकल. पहिल्या दोन गोष्टी पार्कमध्ये पोचल्यावर करता येत नाहीत. त्या आदल्या रात्री आपल्या स्वयंपाकघरातच कराव्या लागतात.

आपल्याला हे नवीन नाही

प्रवासाची शिदोरी ही आपली जुनी विद्या. दशम्या दुधात भिजवायच्या, कारण त्या जास्त टिकतात. बरोबर कोरडी चटणी, गुळाचा खडा, तिखटमिठाच्या पुऱ्या. फडक्यात बांधायचं, झाडाखाली सोडायचं, फडकं झटकून खांद्यावर टाकायचं. जेवण पानावर झालं तर पत्रावळ गुरांपुढे किंवा उकिरड्यावर जायची आणि तिची माती व्हायची. एस.टी.च्या आणि रेल्वेच्या प्रवासात कडीचा डबा आणि फिरकीचा तांब्या असे. घरी परतल्यावर टाकायला काही नसे, घासायला मात्र असे.

मुंबईचे डबेवाले तर ह्या शास्त्रातले पदवीधर. १८९० च्या सुमारास हा व्यवसाय सुरू झाला. त्यांची वक्तशीर सेवा जगभर वाखाणली गेली, पण त्यातली एक साधी गोष्ट आपण विसरतो: डबा परत येतो. सकाळी भरलेला जातो, संध्याकाळी रिकामा घरी पोचतो. तोच डबा वर्षानुवर्षं चालतो.

आणि आपल्या मुलांचं काय? ज्यांची मुलं इथे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी शाळेत गेली, त्यांना आठवत असेल. स्टीलच्या डब्यातली पोळी-भाजी वर्गात उघडायला मुलांना लाज वाटायची. ‘आई, मला ब्राउन बॅगमध्ये सँडविच दे,’ असा हट्ट असायचा. आता कॅनडातल्या कितीतरी शाळा ‘लिटरलेस लंच’चा आग्रह धरतात. म्हणजे काय, तर घासूनपुसून पुन्हा वापरता येईल अशा डब्यात जेवण आणा, फेकायचं काही आणू नका. काही ठिकाणी तर ‘बूमरँग लंच’ असतो: जे उरेल आणि ज्यात गुंडाळलं असेल ते सगळं घरी परत. आजीचा डबा असा मागच्या दाराने शाळेत आला, आणि आता नातवंडं तो ऐटीत मिरवतात!

अल्गाँक्विनचा नियम

ह्या बाबतीत सगळ्यात चांगला धडा मला सापडला तो अल्गाँक्विन पार्कच्या नियमांत. हे पार्क १८९३ साली स्थापन झालं. आपण बहुतेक जण हायवे ६० वरून जातो, पानं बघतो, एखादी ट्रेल चालतो आणि परत येतो. पण पार्कचा खरा पसारा आत आहे, जिथे गाडी जात नाही, कनूने किंवा पायीच जावं लागतं. त्या आतल्या भागात खाण्यापिण्याचे टिनचे कॅन आणि एकदा वापरून टाकायच्या बाटल्या न्यायला बंदी आहे. इंधन, औषधं, डासांचं औषध ह्यांना सूट आहे. आणि पुन:पुन्हा वापरण्यासाठीच बनवलेली खाण्याची भांडी न्यायला परवानगी आहे.

जरा विचार करा मंडळी. कॅनडातल्या नावाजलेल्या जंगलात सोडा कॅनला मज्जाव, पण आपला कडीचा डबा खुशाल आत जाऊ शकतो!

ह्या नियमामागचं कारण सरळ आहे. तिथे कचरा उचलायला ट्रक येत नाही. जे नेलं ते पाठीवर घेऊन परत यायचं. अन्नाचा वास राहिला तर अस्वल येतं. म्हणून तिथे जाणारा माणूस घरीच बसून हिशेब करतो: किती दिवस, किती माणसं, किती जेवणं. डाळ-तांदूळ मोजून घेतो, खोकी आणि वेष्टनं घरीच काढून टाकतो. निसर्गात जाणाऱ्यांसाठी ‘लीव्ह नो ट्रेस’ नावाची सात तत्त्वं प्रसिद्ध आहेत. त्यातलं पहिलंच तत्त्व आहे, आधी योजना करा आणि तयारीने निघा.

आपल्या गावातल्या पार्कात ट्रक येतो, म्हणून आपण हिशेब करत नाही. फरक तेवढाच.

‘कमी पडलं तर?’

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. प्लेट्सपेक्षा जड असतं ते उरलेलं अन्न. आणि ते का उरतं, ह्याचं उत्तर आपल्या स्वभावात आहे.

एका मंडळाच्या जेवणाच्या कमिटीत बसले असताना ऐकलेला हा संवाद. एक तरुण मुलगी म्हणाली, “काकू, ह्या वेळी पुलाव थोडा कमी करू या. मागच्या वर्षी दोन ट्रे टाकून द्यावे लागले.” काकू म्हणाल्या, “अगं, उरलं तर उरू दे. पण शेवटच्या माणसाच्या ताटात भात पडला नाही, तर वर्षभर लोक तेवढंच बोलतील.” मुलगी गप्प बसली. थोड्या वेळाने काकूच म्हणाल्या, “आम्ही बहात्तरच्या दुष्काळात मिलोच्या भाकरी खाल्ल्या गं. ताटात काय पडेल ह्याची खात्री नसायची. म्हणून ही भीती जात नाही.” मग जरा थांबून, “पण ते ट्रे टाकताना माझाही हात थरथरला होता.”

मला वाटतं, आपल्या सगळ्यांच्या मनात ह्या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी बसलेल्या आहेत. कमी पडण्याची भीती आणि टाकण्याचं दुःख. ज्या पिढीने रेशनच्या रांगा पाहिल्या, ती पिढी इथे पातेलंभर जास्त शिजवते, आणि टाकताना डोळे मिटून टाकते. आपण एकटेच असे आहोत असंही नाही. नॅशनल झीरो वेस्ट काउन्सिलने २०१७ साली दिलेल्या आकड्यांप्रमाणे कॅनडातलं सरासरी घर वर्षाला १४० किलो खाण्याजोगं अन्न टाकत होतं, अकराशे डॉलरहून अधिक किमतीचं. लँडफिलमध्ये गाडलेल्या अन्नाचा मिथेन वायू होतो, आणि तो हवा तापवतो, हे वेगळंच.

भीतीवर उपाय म्हणजे मोजमाप. पॉटलकचंच उदाहरण घ्या. वीस कुटुंबं, सत्तर माणसं. प्रत्येक घराने ‘निदान तीस जणांना पुरेल’ एवढा आपापला पदार्थ केला, तर सहाशे वाट्या अन्न तयार झालं. माणशी साडेआठ वाट्या! आपलं पोट कितीही मोठं असलं तरी ते कसं संपणार? ह्याच वीस घरांनी पंधरा-पंधरा वाट्या आणल्या, तरी माणशी चार वाट्या होतात. वर पोळ्या आणि गोड आहेच. कुणीही उपाशी राहत नाही.

दुसरी युक्ती वाढण्याची. हेल्थ कॅनडा सांगते की शिजवलेलं अन्न ४ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे दोन तासांहून जास्त ठेवू नये, कडक उन्हात तर एका तासाहून जास्त नको. आपण काय करतो? सगळे ट्रे एकदम उघडून टेबलावर मांडतो. चार वाजेपर्यंत ते उन्हात बसतात आणि मग घरी न्यायच्या लायकीचे राहत नाहीत. त्याऐवजी थंड पदार्थ निम्मेच बाहेर काढावे आणि निम्मे कूलरमध्ये बर्फात राहू द्यावे. गरम पदार्थ गरम राहतील अशा भांड्यांत ठेवून लागतील तसे काढावे. जे बाहेर आलंच नाही आणि नीट थंड किंवा गरम राहिलं, ते निर्धास्त घरी नेता येतं. कूलरमध्ये बर्फाच्या पिशव्यांऐवजी घरीच पाणी भरून गोठवलेल्या बाटल्या ठेवल्या, तर दुपारनंतर तेच पाणी प्यायला मिळतं (बाटली गळ्यापर्यंत भरू नये, बर्फ फुगतो).

आदल्या रात्रीची तयारी

एवढं वाचून कुणी घाबरू नये. तयारी अर्ध्या तासाची आहे.

किती माणसं आणि किती जेवणं, हे कागदावर लिहा. ‘थोडं जास्तीचं’ हे शब्द न वापरता आकडा लिहा.

माणशी एक ताट, एक वाटी, एक चमचा, एक पेला, अशी घरटी एक पिशवी भरा. स्टीलचा पेला पडला तरी फुटत नाही, आणि त्यावर आपल्याकडे नाव कोरलेलं असतंच. सासूबाईंनी दिलेल्या भांड्यांचं सार्थक होईल.

पोळ्या फॉइलऐवजी स्वच्छ कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. कापडाने घाम टिपला जातो आणि पोळ्या मऊ राहतात.

चिप्सची लहान लहान पाकिटं आणि ज्यूसचे खोके घेण्यापेक्षा घरचा चिवडा मोठ्या डब्यात आणि कोकम सरबत किंवा पन्हं नळाच्या मोठ्या भांड्यात न्या.

एक-दोन रिकामे डबे आणि एक रिकामी पिशवी जास्तीची घ्या. उरलेलं परत आणायला आणि खरकटी भांडी ठेवायला.

आणि हो, हे सगळं घरच्या बाईनेच करायचं असा नियम नाही. कूलर भरणारे पुरुष बिअर जेवढ्या काळजीने मोजतात, तेवढ्याच काळजीने चमचेही मोजू शकतात. संध्याकाळी घासायची पाळीही वाटून घ्यावी, नाहीतर पुढच्या वेळी घरातली बाई पेपर प्लेटच आणेल, आणि तिला दोष देता येणार नाही.

पिकनिक वर्षातून दोन-तीन वेळा. रोजच्या फेऱ्यांचं काय? शनिवारचं ग्रोसरी, मुलाचं हॉकी, मुलीचं भरतनाट्यम, एअरपोर्टच्या खेपा. प्रत्येक फेरीत एक कॉफीचा कप, एक पाण्याची बाटली, एक पिशवी. प्लास्टिकच्या पिशव्या गेल्यापासून आपल्या घरात कापडी पिशव्यांचे ढीग झाले आहेत, पण दुकानाच्या दारात उभं राहिलं की गाडीत एकही नसते! ह्यावर उपाय म्हणजे गाडीच्या डिकीत कायमची एक थैली. त्यात चार पिशव्या, दोन झाकणाचे मग, दोन-तीन चमचे, एक रिकामा डबा, एक नॅपकिन. सामान घरात नेलं की रिकाम्या पिशव्या दाराच्या कडीला अडकवायच्या, म्हणजे पुढच्या वेळी गाडीकडे जाताना हाताला लागतात. फक्त जानेवारीत पाण्याने भरलेली बाटली रात्रभर गाडीत ठेवू नका. सकाळी तिचा दगड झालेला असतो.

मंडळासाठी एक सूचना

पेपर प्लेट्सवर आपली मंडळं दर कार्यक्रमाला पैसे खर्च करतात. तेच पैसे दोन-तीन वर्षं बाजूला काढले, तर दीडशे माणसांपुरती स्टीलची ताटं, वाट्या आणि पेले मंडळाच्या मालकीचे होतील. गणपतीला, दिवाळीला, पिकनिकला तेच वापरता येतील, आणि सभासदांना घरच्या मुंजी-बारशांनाही नेता येतील. पूर्वी आपल्याकडे गावच्या देवळात किंवा वाड्यात अशी समाईक भांडी असतच. कुणाच्या गराजमध्ये ठेवायची आणि कार्यक्रमानंतर कुणी घासायची, एवढेच दोन प्रश्न सोडवायचे आहेत, आणि ते कमिटीच्या एका बैठकीत सुटण्यासारखे आहेत. त्या बैठकीला ज्या हॉलमध्ये डिशवॉशर आहे त्या हॉलची चौकशीही करून ठेवावी.

तोवर येत्या पिकनिकचं निमंत्रण पाठवताना कमिटीने एवढी एकच ओळ त्यात घालावी: ‘येताना आपापलं ताट, वाटी, चमचा आणि पेला घेऊन यावे. ज्यांचं विसरेल त्यांच्यासाठी थोडी जास्तीची ठेवली आहेत.’ पहिल्या वर्षी निम्मे लोक विसरतील. विसरू देत. निम्म्यांनी आणली तरी साडेसातशे वस्तू कमी झाल्या. संध्याकाळी उरलेले कार्यकर्ते पिशव्या मोजतील, तेव्हा त्यांना ते लगेच जाणवेल.